नाळेचे तारण

फाल्गुनातली पहाट उंबरधारच्या पूर्वेकडील बुरुजावर उजळली, तेव्हा खालच्या खोऱ्यात नजर पोचेल तिथवर भगवंतरावांच्या छावणीतल्या चुलींचा धूर पसरला होता; राहुट्या, पागा, मोर्चे, आणि त्यांच्यापलीकडे गडाची म्हणून सांगितली जाणारी गावे, ज्यांचा एक दाणाही आता गडावर चढत नव्हता. पेशवाईच्या पडत्या काळातली ही गोष्ट. थोरले धनी वारले, गादीला वारस म्हणून तान्हे मूल उरले, आणि मुलाचे चुलते भगवंतराव दौलत आपलीच असे म्हणून गडाला वेढा घालून बसले. किल्लेदार रायाजीराव काकडे तान्ह्या धन्याच्या नावाने गड झुंजवीत होते. पाऊस लागेपर्यंत तग धरला की वेढा आपसूक उठेल, हा त्यांचा भरवसा होता.

पण त्या सकाळी शिबंदीने सदरेसमोर ढाली उपड्या मांडल्या आणि माणसे मुकाट बसून राहिली. पौषापासून त्यांना रोजमुरा मिळाला नव्हता.

रायाजीरावांनी गडाचे हिशेब राखणाऱ्या सबनीस यादोपंतांना आत बोलावून घेतले. "पंत, ही माणसे फितूर नाहीत, उपाशी आहेत. केवळगीर गोसाव्यांच्या मठात जाऊन कर्ज घेऊन या. व्याज पडेल ते पडो. व्याज सोसता येते, उघडलेला दरवाजा सोसवत नाही. आणि गड उतरलात कसे असे कोणी विचारलेच, तर चौकीवाल्यांचे हात ओले केले म्हणून सांगा."

खरी वाट निराळी होती. गडाच्या पाठीशी, कारवीच्या रानात दडलेली एक उभी घळ होती. तिला नाळ म्हणत. कोकणातले मीठ आणि नाचणी डोईवर घेऊन धावजी कोळी, त्याचा धाकटा भाऊ सोमा आणि त्यांची माणसे त्या नाळेने चढत, आणि वरच्या चोरदिंडीवर सबनिसाची जकात देत. गेल्या पावसाळ्यात दरड कोसळून नाळ बुजली, अशी आवई रायाजीरावांनीच उठवली होती आणि शत्रूने ती खरी मानली होती. गड त्या नाळेवर जगत होता.

यादोपंत माणूस निष्ठावंत, कामाला चोख. पण घासाघीस हा त्यांचा जीव की प्राण. कोथिंबिरीच्या जुडीसाठी माळणीला रडवतील आणि वर चार मिरच्या फुकट मागतील अशी त्यांची ख्याती, आणि खरे सांगायचे तर ती ख्याती पंतांना सबनिशीच्या शिक्क्याहून प्यारी होती. भिक्षुकाच्या वेषात धावजीच्या मागोमाग ते नाळ उतरले आणि दुसऱ्या दिवशी मठात पोचले.

केवळगीर मृगाजिनावर बसले होते. भस्म लावलेला, सडसडीत, मृदू बोलणारा हा संन्यासी मुलखातला सर्वांत मोठा सावकार होता. तो कोणाचा शत्रू नव्हता. भगवंतरावांच्या घोड्यांची वैरणही त्याच्याच रुपयांवर चालते, हे शेंबडे पोरही जाणत होते. पंतही जाणत होते.

"यावे पंत. उतरलात कसे?"

"चौकीवाल्यांचे हात ओले केले, महंतजी."

"शहाणपण केलेत. रक्कम मिळेल. दरमहा शेकडा तीन रुपये."

"तीन?" पंतांनी कानांवर हात ठेवले. "मागल्या साली याच गडाला आपण दीड रुपयाने दिलेत."

"मागल्या साली तारणातली गावे तुमच्या हाती होती. आज तिथे भगवंतरावांची घोडी चरतात. बुडालेल्या तारणावर दीड रुपयाने देईन, तर मला भिक्षा मागावी लागेल."

"गोसाव्याला भिक्षेचे भय?"

"नाही, म्हणून तर तीन म्हणालो. भय असते तर पाच म्हटले असते."

पंतांना चेव आला. त्यांनी थोरल्या धन्यांनी मठाला दिलेली जमीन काढली, तीन पिढ्यांचा ऋणानुबंध काढला, उठून जाण्याचा आव आणला, उंबऱ्यापर्यंत गेलेही. गोसावी पावणेतीनवर आला, अडीचवर आला, आणि तिथे गाडे रुतले.

"पंत, उगाच शिणू नका," केवळगीर म्हणाले. "मेलेल्या तारणाला चढा दर, जित्या तारणाला उतरता. या महिन्यातही हाती पैसा पडतो, असे एखादे चालू उत्पन्न दाखवा. दर आपोआप खाली येईल."

अडीच रुपयांना होकार देऊन पंत तेव्हाच उठले असते, तर किल्लेदारांचा हुकूमही पाळला गेला असता आणि ही गोष्टही इथेच संपली असती. पण 'यादोपंत अडीच रुपये कबूल करून आला' असे लोक म्हणतील, हे त्यांना सहन होईना.

"आहे चालू उत्पन्न," ते म्हणाले. "नाळेची जकात."

"ती नाळ बुजली ना?"

"बुजली असती, तर परवा मीठ चढले नसते. घ्या ती तारण."

केवळगिरांनी शिष्याला केशर घालून दूध आणायला सांगितले. "सव्वा रुपया," ते म्हणाले. "तुमच्यासारखा व्यवहारी माणूस मी पाहिला नाही."

पंतांना वाटले, गोसावी हरला. हरलेला सावकार दूध पाजत नाही, एवढेसुद्धा त्या शहाण्याच्या ध्यानात आले नाही. मोहरा कमरेच्या थैलीत बांधून ते परतले, आणि वाटेत धावजीला त्यांनी सव्वा रुपयाची कथा दोनदा ऐकवली. नाळेच्या तळाशी सोमा आपली माणसे घेऊन नाचणीची पोती बांधीत होता. "दुपारी माल चढवतो, पंत," तो म्हणाला, आणि पंतांना चढावर हात देऊन पुन्हा खाली गेला.

गडावर जल्लोष झाला. रायाजीरावांनी पंतांना मिठी मारली. "काय दर पडला?"

"सव्वा रुपया."

"सव्वा?" किल्लेदारांचा विश्वास बसेना. "तारण काय दिलेत?"

आणि त्या साध्या प्रश्नासरशी पंत भानावर आले. आपण काय गहाण टाकले, कोणापुढे टाकले, गोसाव्याने पुढे एक अक्षरही का विचारले नाही, सारे एका क्षणात डोळ्यांपुढे उभे राहिले. खरे सांगायला एकच श्वास पुरला असता. पण भोवती माणसे वाहवा करीत होती, आणि त्या वाहवेत उभे राहून आपण शेण खाल्ले हे कबूल करण्याची लाज त्यांना मृत्यूहून जड वाटली.

"तीच गावे," ते म्हणाले.

रोजमुरा वाटला गेला. पंत स्वतः वाटत होते. गोसावी इतक्यात कळवणार नाही, कळवले तरी भगवंतरावांना खरे वाटणार नाही, अशी समजूत ते स्वतःची घालीत राहिले. दिवस माथ्यावरून कलला. तेवढ्यात धावजी दोरखंड खांद्यावर टाकून मुजऱ्याला आला.

"पंत, तुमी आमची मजुरी बी चुकती केली. आज सोमाच्या मदतीला मी बी उतरतो. दोन खेपा हुतील."

पंत उठले. समोर सारा गड होता.

"धावजी, उतरू नकोस. नाळ मी तारण दिली आहे. गोसाव्याला ठाऊक झाले, म्हणजे भगवंतरावांनाही झाले."

रायाजीराव हळूच म्हणाले, "सकाळी आपण गावे म्हणालात."

"खोटे बोललो. लाज वाटली."

"आम्ही सकाळीच इशाऱ्याचा धूर केला असता, पंत. सोमा माणसे घेऊन रानात निघून गेला असता." एवढे बोलून किल्लेदारांनी बुरुजावर माणूस धाडला.

धुराचा इशारा झाला, पण त्याला उत्तर आले ते बंदुकांचे. भगवंतरावांचे लोक तळाशी कारवीत आधीच दबा धरून होते. चोरदिंडीवर सारे धावले, तेव्हा हत्यारबंद माणसांची ओळ नाळ चढू लागलेली दिसली. सोमाची माणसे दिसत नव्हती. कोणी पडले असतील, कोणी पोत्यांआड दडून जिवंतही असतील. नाळेच्या वरच्या तोंडाशी मोठमोठे धोंडे रचून ठेवलेले होते. ते लोटले की नाळ कायमची बुजणार होती, आणि तळाशी जो असेल तो, आपला असो वा परका, वाचणार नव्हता.

हुकूम द्यायला किल्लेदारांची जीभ रेटेना. त्यांनी धावजीकडे पाहिले.

धावजीने खाली वाकून "सोमा" अशी एकच हाक घातली. ओ आली नाही. शत्रूची पहिली फळी निम्म्यावर पोचली होती. त्याने पहार उचलली, पहिल्या धोंड्याखाली घातली आणि अंगाचा भार टाकला. मग बाकीचे भिडले. पंतही भिडले, त्यांची नखे निघाली, पण धावजीने त्यांच्याकडे पाहिले नाही.

गड त्या दिवशी वाचला. पुढे मात्र मीठ संपले, नाचणी संपली, आणि ज्येष्ठात, आभाळ भरून येत असतानाच, रायाजीरावांनी हत्यारांनिशी सुखरूप बाहेर पडू देण्याचा अभयाचा कौल घेऊन दरवाजा उघडला.

सदरेवर आता भगवंतराव बसले. शेजारी केवळगीर होते. नव्या धन्याने गडाचे कर्ज कबूल केले होते, सव्वा रुपयानेच. उतरणारी शिबंदी पाहत असताना भगवंतरावांनी यादोपंतांना पुढे बोलावले आणि तबकातला जरीशेला उचलला. "सबनीस, नाळ आपण आम्हांस दिलीत. आपली सबनिशी कायम. हा शेला घ्यावा."

रायाजीराव दरवाजातच थांबले. धावजीही थांबला.

"मी फितुरी केली नाही, सरकार," पंत म्हणाले. "मला दर कमी करून हवा होता. अडीचाचा सव्वा. त्या भरात बोलून गेलो."

क्षणभर कोणाला उमगले नाही. मग भगवंतराव हसले, मानकरी हसले, हुजरे हसले, आणि ते हसू साऱ्या सदरेवर पसरले. फितूर समजून त्यांनी पंतांना मान दिला होता. मूर्ख समजल्यावर शेला तबकात परत गेला. केवळगीर तेवढे हसले नाहीत. त्यांनी पंतांना नम्रपणे नमस्कार केला, आणि तो नमस्कार साऱ्या हसण्याहून जिव्हारी लागला.

बाहेर, शेवटच्या वळणावर, धावजी वाट पाहत उभा होता.

"पंत, सोमाच्या कारभारणीला काय सांगू? कशापायी गेला म्हनू?"

"ऐकलेस ते सांग. सबनिसाला व्याज कमी हवे होते."

"न्हाई," धावजी म्हणाला. "एवढ्याशापायी गेला म्हनलं, तर ती जगायची न्हाई. सबनीस फितूर झाला, असंच सांगतो. चालंल नव्हं?"

यादोपंतांनी होकाराची मान डोलावली. त्यांनी कशाचीही घासाघीस केली नाही. धावजी खोऱ्याकडे उतरून गेला, आणि तेव्हापासून त्या खोऱ्यात यादोपंतांना फितूर सबनीसच म्हणत आले आहेत.