ठेंगणी उगवलीच नाही

पेरलेल्या रानात एकही कोंब वर आला नाही, तेव्हा मालकीणबाईंनी सुनेला माहेरी हाकललं आणि मगच शोधकबाईंना बोलावलं. आधी शिक्षा, मग चौकशी, असा त्यांचा कारभार.

शोधकबाई म्हणजे हरवलेली माणसं न् चोरलेले दागिने हुडकून देणारी एक सडपातळ बाई. सोबत तिचा दीर. अंगाने आडवा, डोक्याने सावकाश. दर अर्ध्या तासाला नवा चोर पकडायचा.

मालकीणबाईंनी सगळं सांगितलं. ठेंगणी ज्वारी त्यांच्या आजेसासूपासूनची. कमरेएवढीही उंच होत नाही, पण दोन पावसांवर कणीस देते. बाकीची पिकं करपतात तेव्हा ही उभी असते. आसपास दुसऱ्या कोणाकडे नाही, कारण मालकीणबाईंनी कधी कोणाला दिली नाही. यंदाही सगळं रीतीप्रमाणे केलं होतं. भर उन्हाळ्यात दाणे पाण्यात घालून तरंगते काढले, बुडालेल्यांना छपरावर चार उन्हं दिली, राखेत कालवून मडक्यात भरले. तोंड मातीने लिंपून वर स्वतःचा अंगठा उठवला. तो ठसा पेरणीच्या सकाळपर्यंत जसाच्या तसा होता.

"सुनेच्या भावाचं पाकिटातल्या बियाण्याचं दुकान आहे. आणखी काय हुडकायचंय?"

"एवढं ठाऊक होतं तर मला कशाला बोलावलंत?" शोधकबाई म्हणाली.

मालकीणबाईंनी पदर सारखा केला. सुनेशिवाय घर कसं खायला उठतं, हे परक्या बाईला कशाला सांगायचं?

मडक्याच्या तळाशी ओंजळभर दाणे उरले होते. कीड नाही, भोक नाही. शोधकबाईने शंभर मोजून ओल्या फडक्यात बांधले. त्याच फळीवर दुसरं मडकं होतं. त्यात त्याच राखेत सुनेने भोपळ्याच्या बिया ठेवल्या होत्या, अंगणात सावलीला वाळवून. त्यांचा वेल परसात कुंपणावर चढला होता.

चोर छपरावरून उतरला असणार, असं ठरवून दीर शिडी चढला. पत्र्याला हात टेकला आणि तोंडात बोटं घालून खाली आला.

"पत्रे नवे दिसतात," शोधकबाई म्हणाली.

"यंदाच घातले. शेजारणीच्या घरावर चढले, मग माझ्याच डोक्यावर माती का म्हणून?"

मग एकेकाला विचारून झालं. मुलाला पाकिटातलं बियाणं हवं होतं, पण आईपुढे तोंड उघडायची त्याची छाती नव्हती. शेजारीण अजून धुमसत होती. मागच्या साली तिने मूठभर ठेंगणी मागितली, तर 'आधी आपली पायरी ओळख' असं ऐकून घ्यावं लागलं होतं. सून माहेरच्या ओट्यावर भेटली. आत्यांनी सांगितलं तसंच केलं, म्हणाली. मी एकदा एक शब्द बोलले होते, त्यावर काय ऐकलं ते आता उच्चारायचं नाही.

"वहिनी, शेजारीणच," दीर परतताना म्हणाला.

"तिला बियाणं हवं होतं, भावजी. मारून काय मिळालं असतं?"

चौथ्या दिवशी शोधकबाईने सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि फडकं सोडलं. शंभरांतल्या एकालाही मोड नव्हता.

"हे मडक्यात जाण्याआधीच मेले होते. अंगठा शाबूत, म्हणजे कोणी हात घातला नाही. त्याच राखेतला भोपळा वर आला, म्हणजे राखही निर्दोष. पाणी आणि मडकं यांच्यामध्ये राहिलं काय?"

"ऊन," दीर म्हणाला आणि स्वतःच्या फोड आलेल्या बोटांकडे बघत राहिला.

"उन्हं दरवर्षीचीच. पण मातीचं छप्पर ओल पिऊन घ्यायचं, दाणे हळूहळू सुकायचे. यंदा ओले दाणे तापल्या पत्र्यावर पडले न् शिजले. वरून दिसायला धडधाकट, आत कोंब मेलेला."

"पण पसरले तिनेच ना?" मुलाने विचारलं.

"तिनेच. आणि पसरण्याआधी ती काहीतरी बोलली होती. काय, ते मालकीणबाई सांगतील."

मालकीणबाईंना शिडीखाली पाटी घेऊन उभी असलेली सून आठवली. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"पत्रा फार तापतो, अंगणात घालू का, म्हणाली. मी म्हटलं, माझ्या सासूने छपरावरच वाळवली. मला शिकवू नकोस, जाऊन भावाला शिकव."

शेजारणीला इतके दिवस बोलायचं होतं, पण आता तिचा सूर खाली आला. "मला एक मूठ दिली असतीत, तर आज ओंजळ आणून घातली असती हो तुमच्या दारात."

खायचे दाणे केव्हाच दळून संपले होते. ठेंगणी आता कुठेच नव्हती.

त्याच दुपारी मालकीणबाई सुनेच्या माहेरी गेल्या. लग्न ठरवायलासुद्धा त्या या दारी आल्या नव्हत्या, मुलीकडच्यांनाच बोलावून घेतलं होतं. सून हात पुसत बाहेर आली. वाटेत बरंच जुळवलं होतं. एवढंच निघालं, "तू म्हणालीस ते खरं होतं."

सुनेने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"हो, आत्या," ती म्हणाली. "पण मी खोटी ठरले असते तर बरं झालं असतं."