भंगारातलं हजेरीचं मशीन

तुम्ही म्हणाल काहीतरीच सांगते. पण हे माझ्याच घरात घडलंय. आणि रात्री नाही... सकाळी पावणेनऊला, चांगलं लख्ख ऊन पडलेलं असताना.

माझा भंगाराचा धंदा आहे. बंद पडलेल्या कंपन्यांचं सामान मी उचलते. टेबलं, पंखे, कपाटं. मालकांना ते कधी एकदा नजरेआड होतंय असं झालेलं असतं.

मागच्या वर्षी बाबांचीच कंपनी मोडीत निघाली. उभा जन्म त्यांनी तिथे नोकरीत काढला होता. सामानात दारावरचं हजेरीचं मशीन होतं. अंगठा ठेवला की आतून बाईचा आवाज यायचा, "धन्यवाद."

चालू वस्तूला भाव बरा मिळतो, म्हणून घरी आणून प्लगला लावून पाहिलं.

बाबा उठून आले. अंगठा ठेवला.

"पुन्हा प्रयत्न करा."

विकण्याआधी कंपनीने सगळ्यांचे ठसे पुसून टाकले होते. मी तसं सांगितलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, पावणेनऊला, मशीनसमोर हजर.

"पुन्हा प्रयत्न करा."

"बाबा, त्या आतल्या बाईलाच कामावरून काढलंय. ती तुम्हाला काय घेणार?" मी चिडवलं.

ते हसले नाहीत. "एकदा ओळखलं ना तिने, की झालं माझं," म्हणाले.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. एवढी साधी गोष्ट मला त्यांना देता येत नव्हती, याचं फार वाईट वाटायचं.

रोज तेच चाललं. मग एका पहाटे बाबा झोपेतच गेले.

नातेवाईक परतल्यावर मला ते मशीन बघवेना. मी वायर कापली, तांबं वेगळं काढलं, मशीन आतल्या खोलीत फळीवर ठेवून दिलं.

दुसऱ्या सकाळी चहा टाकला होता. घर अगदी सुनं.

आतून इस्त्रीचा वास आला...

मग चपलांची फरफट...

मग...

"धन्यवाद."

धावत गेले. खोलीत कोणीच नव्हतं. वायरीचं तुटकं टोक तसंच लोंबत होतं. मशीनच्या काचेवर अंगठ्याचा ठसा होता, ओलसर.

खरं सांगते, भीती नंतर वाटली. आधी बरं वाटलं. घेतलं एकदाचं त्यांना.

त्यानंतर बाबांची चाहूल नाही. कंपनी सुटायच्या वेळेला मी मशीनसमोर जाऊन बसते. सुटतानाही अंगठा लावावा लागायचा ना.

अजून ते बाहेर आलेले नाहीत.

"ताई, देऊन टाका ते," आमचे माल भरणारे काका म्हणतात. मी ऐकून न ऐकल्यासारखं करते.

हल्ली सकाळी मीच अंगठा ठेवून बघते. मी त्या कंपनीत कधीच नव्हते, ठाऊक आहे मला.

"पुन्हा प्रयत्न करा," ती म्हणते. वायर नसताना. रोज, लगेच.

काल मात्र उत्तर द्यायला तिने जरा वेळ घेतला...