कोटाला अडकवायची दोरी

ही घटना शंभर टक्के खरी आहे. गार्नेट ड्यूकनं ती बायबलवर हात ठेवून सांगितली.

बायबल हँगरमधल्या, म्हणजे विमान ठेवायच्या शेडमधल्या, डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली होतं, त्यामुळे त्याला बरंच वाकावं लागलं.

डिसेंबरातला शनिवार. मॅनिटोबातल्या मोठ्या तळ्यापासून जवळच. कॉफीच्या वेळेलाच अंधारलं होतं.

विमान गार्नेटनं घरीच बांधलेलं. डॉक्टरांनी त्याचं हृदय तपासून उडायला मनाई केली. म्हणून मेव्हणा रूबेन ते पहिल्यांदा उडवणार होता. उद्या, चर्चनंतर.

इंजिन मात्र स्नोमोबाईलचं, म्हणजे बर्फावरून पळणाऱ्या गाडीचं. चार स्ट्रोकचं, नवं, हलकं. भंगारवाला म्हणाला होता, "गाडी झाडावर आदळली."

झाडावर आदळलेल्या इंजिनात शेवाळ कसं, हे गार्नेटनं विचारलं नाही. स्वस्तात मिळालं होतं.

कितीही वेळा बदला, तेल पाणी शिरल्यासारखं दुधाळच निघे.

त्याला वास होता... सडक्या माशाचा.

आणि गाळणीत काहीतरी लांब, बुळबुळीत... केसांसारखं.

"शी," रूबेन म्हणाला. हातातलं सॉसेज मात्र त्यानं खाली ठेवलं नाही.

या गाड्यांना एक दोरी असते. एक टोक इंजिनच्या बटणाला, दुसरं चालवणाऱ्याच्या कोटाला. माणूस पडला की बटण निघतं, इंजिन बंद. दोरी नसली तर इंजिनचा कॉम्प्युटर रुसतो, म्हणून गार्नेटनं ती कॉकपिटमध्ये तशीच लोंबकळत ठेवली होती.

इंजिन तपासायला विमान हँगरच्या खांबाला बांधलं. रूबेन आत बसला. इंजिन छान सुरू झालं.

मग ती दोरी... हळूहळू ताठ झाली.

खाली. जमिनीकडे.

"ओढू नकोस रे," रूबेन आतून ओरडला.

"मेव्हणेबुवा, माझे दोन्ही हात पंखावर आहेत."

खट्.

इंजिन बंद. कुठूनतरी पाणी ठिबकत होतं...

दोरी ओलीचिंब. तिच्या आकड्यात शेवाळ अडकलेलं, आणि शेवाळात एक नख. माणसाचं. मुळापासून निघालेलं.

गार्नेट बाहेर जाऊन ओकला. परत आला तो पक्कड घेऊनच. तारा थेट जोडल्या, दोरी कापून बाहेर फेकली.

"आता कोण काय ओढतंय ते बघू," तो म्हणाला. "उद्या हे विमान उडणार."

इंजिन पुन्हा सुरू झालं. आवाज एकसारखा.

"गार्नेट..."

"आता काय?"

"माझा कोट कोण ओढतंय?"

कोटाचं टोक सीटखाली ताणलं जात होतं. एकेक बटण तुटून उडत होतं. रूबेन कोटातून निसटला आणि दाराबाहेरच्या बर्फात जाऊन पडला.

"मी नाही उडणार," तो म्हणाला. "वर असताना ओढलं तर?"

गार्नेट पाना घेऊन इंजिन उतरवायला लागला.

भंगारवाल्याचा फोन आता लागत नाही. ती गाडी घेऊन तळ्यात कोण बुडालं, हे कुणालाच माहीत नाही. गार्नेटच्या बायकोनं, लोर्नानं, रूबेनचा तो कोट कितीदा धुतला. वास गेला नाही. गार्नेट अजूनही स्वतःच्या कोटाची बटणं लावत नाही, उणे तीसमध्येसुद्धा; कुणी ओढलं तर चटकन निसटता यावं.

विमानात आता विमानाचंच जुनं इंजिन आहे. ते इतकं जड आहे की रूबेन बसला तर टाकी अर्धीच भरता येते.