सतरा नंबरचा दात

जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर झाली. तिच्या हातातला ट्रे पडता पडता वाचला आणि तो हसला. ती जागच्या जागी थिजलीच.

वरचा सुळा किंचित वळलेला... आणि त्याच्या शेजारच्या दाताची जागा रिकामी!

"सतरा नंबर!" तिच्या तोंडून निसटलं.

त्याने झटकन तोंडावर हात धरला. "काय?"

आता काय सांगणार, कप्पाळ! कृत्रिम दात बनवायला शिकणाऱ्यांना पेशंट कधी दिसतच नाही. कॉलेजच्या दवाखान्यातून येतो तो प्लास्टरचा साचा. त्यावर नंबर आणि सोबत रंगाची चिठ्ठी. सतरा नंबरपुढे ती तीन आठवडे मान मोडून बसली होती. त्या वाकड्या सुळ्यावर तर तिचा जीवच जडला होता. "तुझे सतरा नंबर काय म्हणतात?" असं मैत्रिणी चिडवायच्या. ते असे दोन पायांवर चालत समोर येतील, हे स्वप्नातही नव्हतं.

"तुमचा दात... मी केलाय."

"तुम्ही?" तो बघतच राहिला. "आज पाच वाजता बसवणार आहेत."

तिने अभिमानाने ट्रे पुढे केला आणि तसाच मागे घेतला. त्याचे दात पांढरेशुभ्र. ट्रेमधला हा मात्र चांगलाच पिवळा! दात भाजायची भट्टी लावण्याआधी तिने टेबल पुसलं होतं, तेव्हा चिठ्ठ्या उचलून परत ठेवताना सोळा-सतराची अदलाबदल... सोळा नंबर म्हणजे झिजलेल्या दातांचे, सत्तरीतले आजोबा. सरांनी चिठ्ठीशी रंग ताडून पैकीच्या पैकी मार्कही दिले होते.

"अगं बाई! तुम्हाला आजोबांचा रंग दिलाय मी— आणि आजोबांना तुमचा!"

"मग आता?"

"सरांना सांगते. मार्क गेले तर गेले. पण नवा करायला आठवडा लागेल."

त्याचा चेहरा पडला. "दात बसला की एका मुलीशी बोलायचं ठरवलं होतं हो."

तिला उगीचच वाईट वाटलं. "असंच बोला की. त्या फटीपायी नाही म्हणाली तर नशीब फुटकं तिचं."

"नक्की?" तो अडखळला. "दवाखान्याच्या बाकावरून तुमची खिडकी दिसते. तिथे हिरव्या एप्रनमधली एक मुलगी... मेण कोरताना जीभ बाहेर काढते."

तिने खाली पाहिलं. एप्रन हिरवाच होता. तिची कानशिलं तापली.

"बोललो एकदाचा," तो हाताआडून म्हणाला. "आता नशिबाचं तुम्ही सांगा."

"आधी हात काढा," ती कशीबशी म्हणाली. "रंग उजेडातच बघायचा असतो."

त्याने हात खाली घेतला आणि तो फटीसकट, मनमोकळं हसला.

रंग बघायला अर्धं मिनिट पुरतं. वर जाऊन सरांना सांगायचं होतं, मार्क जाणार होते... तरी तिने चांगली दहा मिनिटं लावली.