आतून आणलेले शब्द

नणंद-भावजयींचं पटत नाही असं म्हणणाऱ्यांनी या दोघींना पाहिलंच नव्हतं. भांडायच्या अगदी कडाकडा, पण फक्त दुपारी तीन ते पाच, आणि तेही इंग्रजी अक्षरांवरून.

वहिनी छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेल्या. वन्संनी सारा जन्म चष्म्याच्या दुकानात काढला. भिंतीवरच्या तक्त्यातली लहान-मोठी अक्षरं लोकांकडून वाचून घेतली. वहिनींचे यजमान, म्हणजे वन्संचे दादा, सहा वर्षांपूर्वी गेले. वन्संही एकट्याच होत्या, मुलगा लांबच्या गावी; त्या भावाच्या घरी राहायला आल्या. तेव्हापासून घरात या दोघी आणि अक्षरांच्या लाकडी सोंगट्या भरलेली एक पिशवी. न बघता सात सोंगट्या काढायच्या, त्यातून शब्द जुळवायचा, पाटावर मांडायचा.

वन्संना क्यू आला की त्यांच्या डोळ्यांत दिवे लागायचे. क्यूचे, एक्सचे, झेडचे कुठले कुठले शब्द त्यांना तोंडपाठ. वहिनी वैतागून म्हणाल्या, "हे असले शब्द कुणाच्या बापानं ऐकलेत का? आजपासून नियम. शब्द लावलात, तर ती वस्तू घरातून आणून टेबलावर ठेवायची. नाहीतर गुण नाहीत."

तेव्हापासून खेळ म्हणजे नुसती धावपळ. कुणी चमचा आणतंय, कुणी उशी. एकदा वन्संनी बादली लावली आणि ती भरलेलीच उचलून आणली, हट्टानं.

मग एका सोमवारी वन्संच्या मुलाचा फोन आला. रविवारी गाडी घेऊन येतो, आता आई कायमची आमच्याकडे. वन्सं "बरं" म्हणाल्या. वहिनीही "बरं झालं" म्हणाल्या, आणि त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ पडलं.

मंगळवारी वन्संनी क्यूवरून 'क्विल' लावला.

"पिसाची लेखणी?" वहिनी म्हणाल्या. "आणा की."

वन्सं उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि लेखणी घेऊन आल्या. करडं पीस, टोकाला शाई. शाई ओली होती.

"कुठून आणलीत?"

"आतून."

आतल्या खोलीत होतं काय, तर एक लोखंडी कॉट, एक कपाट आणि इस्त्रीचं टेबल. वहिनींना वाटलं, म्हातारी जाता जाता चेष्टा करतेय. संध्याकाळी त्यांनी सोंगट्या पिशवीत भरल्या. वळून बघतात तर टेबलावर लेखणी नाही. बोटाला लागलेली शाईसुद्धा नाही.

गुरुवारी वहिनींनी 'फोन' लावला आणि ऐटीत फोन टेबलावर आपटला. वन्संनी त्या शब्दाच्या आधी शांतपणे चार अक्षरं ठेवली. झाला 'झायलोफोन'.

"वन्सं, आता मात्र हद्द झाली."

वन्सं आत गेल्या. आतून टिंग, टँग, टुंग असा आवाज आला, आणि मग त्या वाद्य छातीशी धरून बाहेर आल्या. एक पट्टी तुटलेली होती. वहिनींनी आत जाऊन कॉटखाली वाकून पाहिलं. खाली धूळ होती, आणि धुळीवर कसलाही माग नव्हता.

"मलाही कळत नाही गं," वन्सं म्हणाल्या. "दार उघडलं की ठेवलेलं असतं. तू नको फार विचार करू."

सोंगट्या पिशवीत गेल्या आणि वाद्यही गेलं. वहिनी त्या रात्री नीट झोपल्या नाहीत, पण भीतीनं नव्हे. त्यांना एक कल्पना सुचली होती.

शनिवारी शेवटचा डाव. वहिनी पाळीमागून पाळी सोडत होत्या, नको ती अक्षरं टाकून नवी काढत होत्या.

"काय शोधतेस एवढं?"

"एक एस हवाय."

चौथ्यांदा तो आला. वहिनींनी 'सिस्टर' लावला.

वन्सं हसल्या. "आण मग."

"तुम्ही बसलायत की समोर."

"मी उद्या चालले. मला धरून चालायचं नाही. नियम तुझाच आहे, आतून आण."

वहिनी उठल्या. आतलं दार उघडलं.

कॉटवर वन्सं बसल्या होत्या. तोच निळा स्वेटर, तीच चष्म्याची जाड भिंगं. फक्त स्वेटरची बटणं उलट्या बाजूला होती.

"किती वेळ लावलास," त्या म्हणाल्या.

वहिनींनी दार हलकेच लावलं. बाहेर आल्या.

"नाही सापडलं," त्या म्हणाल्या. "गुण नकोत मला."

"आणि हे आवरायचं नाही का?"

"राहू दे पाटावर. तुमची आठवण."

रविवारी वन्सं मुलाबरोबर गाडीत बसून गेल्या. फार रडल्या. वहिनी रडल्या नाहीत. गाडी वळेपर्यंत हात हलवला, घरात आल्या, आतलं दार उघडलं आणि म्हणाल्या, "या. तुमची पाळी."

दिवस छान चालले होते. ही वन्सं तशीच चिडवायची, तशीच क्यूला हसायची. चहा घ्यायची, पण कप भरलेलाच राहायचा. ती उठली की खुर्ची गार लागायची. एवढं तर चालतंच. वहिनी रोज 'सिस्टर'च्या सोंगट्यांभोवतीची धूळ जपून पुसायच्या.

बुधवारी तिनं बराच वेळ विचार केला. मग त्याच शब्दाच्या शेवटच्या आरला जोडून एकेक सोंगटी ठेवली.

'ब्रदर'.

वहिनींनी बोट ठेवून एकेक अक्षर तपासलं.

"आणते हं," ती म्हणाली, आणि आतल्या खोलीकडे गेली.

तेवढ्यात फोन वाजला. लांबून, मुलाच्या घरून, खऱ्या वन्सं बोलत होत्या. आवाज दबका.

"वहिनी, झोपले होते बघ मी. पण जाग आल्यावरही तेच दिसतंय. मी तुझ्या आतल्या खोलीच्या दारात उभी आहे."

"हं."

"कॉटवर दादा बसलाय."

वहिनींनी फोन घट्ट धरला.

"कसे दिसतात?"

"बरा दिसतोय. केस ओले आहेत, आत्ताच न्हाल्यासारखे. हात पुढे केलाय त्यानं. वहिनी, आणू का गं?"

वहिनी फोन खांद्याशी धरून उठल्या आणि तिसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलू लागल्या.