शेजारचं कपाट

तिने कार्ड लावलं, ऑफिसातलं आपलं कपाट उघडलं, आणि आतली ओली छत्री थेट तिच्या पायावर पडली. तिच्या कागदांचा पार लगदा झाला होता.

"ती माझी," मागून एक उंच माणूस म्हणाला. "माझं कपाट शेजारचं. सकाळी घाईत कार्ड इथं लावलं, तर... उघडलं."

"उघडलं? का, कुलपाला तुमचा चेहरा आवडला?"

तो हसला. गालाला खळी पडली. तिला त्या खळीचाही राग आला.

ही कुलपं त्यांच्याच कंपनीची. हीच उद्या इस्पितळातल्या औषधांच्या कपाटांना बसायची होती. प्रत्येक कार्डाची चावी म्हणजे बत्तीस रँडम बाइट्स, कुणाला ताडता येऊ नयेत असे आकडे. ते संगणकाच्या सिस्टिमकडून मागवणारा कोड तिचा, जबाबदारीच्या कागदावर सही तिची. आणि इथं दोन कार्डांची चावी एकच! तिने ज्या सिस्टिमसाठी कोड लिहिला, तिथं हे होणं शक्यच नव्हतं.

"दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर माझा कोड कुणी बसवला?"

"मीच... वरच्या मजल्यावर बसतो."

"अच्छा. साहेबांचा होयबा म्हणतात ते तुम्हीच."

ती तशीच वर गेली आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. चूक लगेच सापडली. त्याच्या सिस्टिमवर बाइट्स मागायची रीत वेगळी. जुन्या रीतीने मिळेनात, तेव्हा त्याचा कोड गुपचूप घड्याळातली वेळ घेऊन आकडे बनवत होता. एकाच सेकंदाला निघालेली कार्डं म्हणजे जुळी भावंडं.

"प्रोग्राम बंद पडू नये म्हणून केलं..."

"पडू द्यायचा. बंद पडला तर कळतं तरी. तुम्ही विहीर आटली म्हणून गटारातून घागर भरलीत, आणि वर झाकण ठेवलंत."

त्याचे कान लाल झाले. तेवढ्यात साहेब दारात आले. "इस्पितळाचा माल संध्याकाळी जातोय. जाईल ना?"

तिने दात आवळले. होयबा काय म्हणणार, ते ठरलेलंच.

"नाही," तो म्हणाला. "चूक माझी आहे, यांची नाही. सगळी कार्डं रद्द करावी लागतील. दोन दिवस द्या."

साहेबांनी त्याला सगळ्यांदेखत झोडपलं. तो मान खाली घालून उभा राहिला, पण 'नाही'चं 'हो' केलं नाही. तिचा राग साहेबांकडे वळला. आणि तो का वळला हे कळताच, स्वतःकडे.

दोन दिवस दोघं खांद्याला खांदा लावून बसली, बरीचशी भांडत. आता प्रत्येक सिस्टिमकडे त्या त्या सिस्टिमच्या रीतीने बाइट्स मागितले जात, आणि सिस्टिमने नाही म्हटलं तर प्रोग्राम सरळ थांबे.

तिसऱ्या दिवशी त्याने नवं कार्ड तिच्या कपाटाला लावून पाहिलं. उघडलं नाही. तरी तो ओली छत्री घेऊन तिथंच उभा.

"आता काय?"

"माझ्या कपाटात छत्रीला जागा नाही, म्हणून—" तो अडखळला. "नाही. जागा भरपूर आहे. तुम्हाला भेटायचं होतं... रोज भेटायचं आहे."

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग स्वतःचं कार्ड लावून दार सताड उघडलं.

"निथळून ठेव," ती म्हणाली. "कागद भिजले, तर याद राख."