वीतभर हिरवं लुगडं

राजलक्ष्मीबाईंना कापडाचं वेड होतं, आणि ते साधंसुधं वेड नव्हतं. वाशीला भाजी आणायला गेल्या तरी परतताना पिशवीत वांगी कमी आणि कटपीसच जास्त. दुकानदारानं तागा उलगडला की यांचे डोळे असे चमकायचे, जसं काही माहेरचं माणूस दारात आलंय. नवरा उदयसिंह जन्मभर बाजारात माथाडी. तो म्हणायचा, "मी पोती वाहून सुटलो, पण हिची गाठोडी काही सुटत नाहीत." उलव्याच्या अकराव्या मजल्यावरच्या त्या घरात दिवाणाखाली, कपाटावर, वॉशिंग मशीनच्या मागे, जिकडे बघाल तिकडे गाठोडी. साताऱ्याकडची वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, बाईंच्या हातात लहानपणापासून होती. पण साठीला टेकल्यावर सोसायटीतल्या बायका तिला 'क्विल्टिंग' म्हणायला लागल्या आणि बाईंचा भाव एकदम वधारला.

सध्या तर उत्साह नुसता उतू चालला होता. लेक तेजश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, नववा लागला होता, आणि येणाऱ्या नातवंडाची गोधडी बाईंच्या मांडीवर होती. सगळे तुकडे जमले होते. फक्त मधोमध वीतभर चौकोन रिकामा होता. तिथं त्यांना असं कापड हवं होतं, जे उभ्या उलव्यात कुणाकडे नसेल.

अशात एका मंगळवारी सकाळी त्या रिक्षानं जासईला गेल्या. काम साधंच होतं, एक जुनी गोधडी दुरुस्तीला आणायची. रुतिका नावाच्या पोरीनं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाईंचं काम पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती मागे लागली होती. तिच्या नव्या घराच्या गच्चीमागे कंटेनरचे ढीग दिसत होते.

"आजीची हाय, काकी," रुतिकानं गोधडी पुढ्यात ठेवली. "शांतीबाय. दोन वर्षं झाली जाऊन. आमचं जुनं गाव विमानतळात गेलं ना, तेव्हा सगल्यांनी कायकाय उचलून आनलं. आजीनं फक्त ही आनली. बोलायची, मी घराची घडी करून आनलीय." ती हसली, आणि मग जरा थांबून म्हणाली, "वरची ठिगलं बदला, दोरा नवीन घाला. पन आतलं काय काढू नका हां. आनि बाहेरचं काय घालू पन नका. आत आमच्या एकेका मानसाचं कापड हाय. ज्याचं कापड आत, तो घरातला, असं होतं तिचं."

"अगं, मला काय सांगतीस!" बाई म्हणाल्या. "माझा जन्म गेला यात."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला त्यांनी ती गोधडी हॉलमध्ये पसरली आणि मांडी घालून वर बसल्या. बाहेर ऊन रणरणत होतं. इमारत नवी, निम्मे फ्लॅट कुलूपबंद. मधूनच लिफ्टचा आवाज यायचा, की पुन्हा सगळं शांत. तेजश्री आतल्या खोलीत झोपली होती. जुना दोरा उसवत गेल्या तसा कापडातून एक वास वर यायला लागला. खोबरेल, चुलीचा धूर, आणि त्या दोन्हींच्या खाली खाडीच्या चिखलाचा खारा वास. पण बाईंचं लक्ष वासाकडे नव्हतंच. तो धावदोरा बघून त्या वेड्या झाल्या होत्या. तांदळाचे दाणे ओळीनं मांडावेत इतका बारीक! "वा गं बाई, वा," असं त्या मोठ्यानं म्हणत होत्या, आणि ऐकायला कुणीच नव्हतं.

तिसऱ्या थरात ते दिसलं.

हिरवं लुगडं. वरचं सगळं उन्हानं विटून गेलेलं, पण या आतल्या कापडाला वर्षानुवर्षं उजेडच लागला नव्हता. कालच घडी मोडल्यासारखा पोपटी रंग आणि तळहाताएवढा रुंद डाळिंबी काठ. बाईंचा हात त्या काठावरून निघेचना. ज्यांना कापडाचा नाद नाही त्यांना हे कळायचं नाही. ते सरळ म्हणतील, चोरी. बाईसुद्धा मनात तेच म्हणाल्या. पण नातवंडाच्या गोधडीतला तो रिकामा चौकोन डोळ्यांपुढे नाचत होता. "आतला तर तुकडा. कुणाला दिसणार आहे?" असं म्हणत त्यांनी कात्री लावली आणि वीतभर तुकडा कापून घेतला.

आता खड्डा राहू देऊन चालत नाही. गोधडीवरून हात फिरवला की बोटांना लगेच कळतं. नव्या कापडाची जाडी काही जमेना. शेवटी गाठोड्यात हात घातला तर तेजश्रीचा लहानपणचा परकर हाताला लागला, ती सहा वर्षांची असतानाचा, धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झालेला. त्यातला तुकडा तंतोतंत बसला! बाईंनी आनंदानं स्वतःशीच टाळी वाजवली. गुरुवारी दुपारपर्यंत सगळे थर पुन्हा शिवून झाले. शेवटचा टाका घालून त्यांनी दोरा दातानं तोडला, आणि त्याच क्षणी आतून हाक आली.

"मना भूक लागलीय..."

बाई धावतच आत गेल्या. तेजश्री पलंगावर उठून बसली होती. "सुकट हाय का घरान? नि तांदलाची भाकरी?"

आठ महिने मासळीचं नाव काढलं तरी उलटी येणारी पोर! बाई इतक्या हरखल्या, की ती कसं बोलतेय याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. डोहाळे उशिरा लागले म्हणायचे. यशराजला, त्यांच्या मुलाला, त्यांनी फोन करून सुकट आणायला लावली. भाकऱ्या मात्र तेजश्रीनं स्वतः केल्या. ज्वारीची भाकरी धड न थापणाऱ्या पोरीनं तांदळाची उकड काढली आणि पातळ, गोल, टम्म फुगलेल्या सहा भाकऱ्या तव्यावरून उतरवल्या.

"कुठं शिकलीस गं?" बाईंनी कौतुकानं विचारलं.

"त्यात शिकायाचं काय?" ती म्हणाली, आणि भराभर जेवायला लागली.

शनिवारी गोधडी जासईला पोचती झाली. रुतिका हात फिरवून म्हणाली, कुठे दुरुस्त केलंय तेसुद्धा समजत नाय. बाळाच्या गोधडीत हिरवा चौकोन बसला, आणि बाईंनी मजल्यावरच्या बायकांना बोलावून बोलावून दाखवला. पावलं जमिनीवर नव्हती त्यांची.

रविवारी दुपारी तेजश्री खिडकीशी उभी होती. समोरच्या विमानतळावर विमान उतरत होतं. ती मात्र विमानाकडे बघतच नव्हती. तिची नजर त्याच्या खाली, धावपट्टीवर खिळली होती.

"भरती आलीय," ती म्हणाली. "बांदाला पानी लागलं..."

"कसला बांध, तेजू? अकराव्या मजल्यावर आहोत आपण."

तेजश्री सावकाश वळली. परक्या बाईकडे बघावं तसं तिनं आईकडे पाहिलं. "तुमी कोन?" आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "माजे घरान कशा आल्यात?"

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. रक्तदाब ठीक, बाळ ठीक, अजून दोन आठवडे अवकाश, दगदग होऊ देऊ नका. उदयसिंह रात्रभर लेकीच्या उशाशी बसून होता. आणि सोमवारी दुपारी, बाई भाजीला फोडणी घालत असताना, पलंग रिकामा झाला.

खाली वॉचमननं तिला अडवलं होतं. अनवाणी, भर उन्हात, विमानतळाच्या भिंतीकडे निघालेली. बाई धापा टाकत पोचल्या तेव्हा ती पोटावर हात ठेवून शांतपणे उभी होती.

"बालंतपन माजे घरान व्हायाचं," ती म्हणाली. "पोर आमचं हाय."

बाईंनी तिचा दंड घट्ट धरला. लेक तर हातातून चाललीच होती, आता तिच्या पोटातलं पोरही.

कसंबसं तिला वर आणून यशराजच्या ताब्यात दिलं. पाळण्यावर बाळाची गोधडी टाकलेली होती. बाईंनी सहज हात लावला. सगळी गोधडी कोरडी होती, आणि मधला हिरवा चौकोन ओला. बोटं नाकाशी नेली. खाडीचा वास. मग रुतिकाचं बोलणं आठवलं, ज्याचं कापड आत, तो घरातला. स्वतःच्या हातानं आपण लेकीला परक्या घरात शिवून आलो होतो! त्यांनी तिथेच उभ्या उभ्या टाके उसवले, तुकडा मुठीत धरला आणि रिक्षा पकडली.

दार उघडलं ते रुतिकानंच. तिचा चेहरा उतरला होता. "काकी, बरं झालं आलात. फोनच करनार होते." तिनं आवाज खाली आणला. "दुपारी गोधडीतून आवाज येतो... लहान पोरगी हाय कोनतरी. 'आये, मला घरी ने की'... असं बोलते. काकी, आमच्यात आईला आये कोन बोलतच नाय."

बाई उंबऱ्यातच बसल्या. "माझी तेजू आहे ती," त्या म्हणाल्या. "मी चोरी केली, रुतिका. तुझ्या आजीचं हिरवं लुगडं कापलं आणि तिथं माझ्या पोरीचं कापड घातलं. मला एक सुई दे."

रुतिकानं सुई-दोरा आणून दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

गोधडी पसरली तेवढ्यात वीज गेली. पंखा हळूहळू थांबला. बाहेर कंटेनरच्या गाड्यांचा आवाज चालू होता, तोही कुठेतरी विरला. बाईंनी टाके उसवले, परकराचा तुकडा बाहेर काढून पोलक्यात खोवला आणि हिरवा तुकडा त्याच्या जागी ठेवला. मग शिवायला लागल्या. सर्र... सर्र... दोऱ्याचा तेवढा एकच आवाज. चौथ्या की पाचव्या टाक्याला त्यांच्या लक्षात आलं. सुई खाली गेली, की खालून ती कुणीतरी ओढून घेत होतं आणि वर पाठवत होतं.

सुई टाकून पळावं असं त्यांना वाटलं. पण खोटं कशाला सांगू, हात आनंदानं चालला होता. इतका बारीक, इतका सरळ टाका त्यांना जन्मात जमला नव्हता, आणि आता ओळीमागून ओळ झरझर उमटत होती. "शांतीबाय... चुकले मी," त्या पुटपुटल्या. खालचा हात थांबला नाही.

शेवटचा टाका पडला आणि फोन वाजला. यशराज होता. "आई, तेजूला कळा सुरू झाल्यात! आम्ही दवाखान्यात निघालोय. ती तुलाच हाक मारतीय, आये आये करून. नीट बोलतीय आई, पहिल्यासारखी बोलतीय!"

बाई ताडकन उठल्या, आणि मागे ओढल्या गेल्या.

पदर शिवला गेला होता. गोधडी शिवणाऱ्या बाईचं हे असं कधीतरी होतंच, घाईत स्वतःचंच कापड सुईखाली येतं आणि बायका हसतात. पण बोटभर टोक थराच्या आत गेलं होतं, आणि त्याच्यावर पंधरा-वीस टाके होते. तांदळाच्या दाण्यांसारखे.

"थांबा काकी, उसवू या," रुतिका पुढे आली.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजायला लागला. बाईंनी टाक्यांकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. "उद्या सकाळी येते," त्या म्हणाल्या. "उद्या उसवते." आणि कात्रीनं पदराचं टोक कापून त्या धावत सुटल्या.

रिक्षात बसल्यावर कापलेला पदर मांडीवर आला, तेव्हा कुठे त्यांच्या नीट ध्यानात आलं. आता त्यांचंच कापड आत राहिलं होतं. फाट्यापाशी रिक्षावाल्यानं विचारलं, "काय झालं मावशी, काय राहिलं का मागं? वळवू?" बाईंनी क्षणभर डोळे मिटले. तेजू सुटली होती. तिचं पोर तिचं होतं. एका रात्रीचाच तर प्रश्न होता. "नको रे बाबा," त्या म्हणाल्या. "पुढं चल. लवकर चल."

दिवेलागणीला मुलगी झाली. गोरीपान, डोकंभर जावळ, आणि रडणं असं खणखणीत की बाहेरच्या बाकांवरची माणसंसुद्धा हसली. तेजश्री थकून पडली होती, पण डोळे तिचे स्वतःचे होते. "आये, किती वेळ लावलास! घे की तिला. बाबा बघ, केव्हाचे डबा घेऊन उभे आहेत."

बाईंनी नातीला छातीशी धरलं. जीव एवढा हलका झाला, की वाटेतली धावपळ, ती भीती, तो पदर, सगळं कुठल्या कुठे गेलं. इतका आनंद माणसाला होऊ शकतो हे त्यांना माहीतच नव्हतं. पोरीच्या कपाळावर ओठ टेकून त्या म्हणाल्या, "आली गो माजी बाय... चल, भरतीच्या आधी आपले घरान जाव."

तेजश्रीचं हसू थांबलं.

खाटेच्या पायथ्याशी एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा दोन्ही हातांनी जेवणाचा डबा धरून उभा होता आणि त्यांच्याकडेच बघत होता. चेहरा भला होता बिचाऱ्याचा, पण ओठ कापत होते. बाईंना त्याची कीव आली. नातीला सांभाळत त्या तेजश्रीच्या कानाशी वाकल्या, आणि त्याला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं,

"गो... यो मानूस कोन हाय? कोनाची वाट बगतोय?"